निळ्या डब्यातली गोम

"हॅलो, चेतना? आयकू येते का? टेबलावर चांदीची पुडी राह्यली वं."

"कोनती पुडी, मामाजी? जोरानं बोला. लई खडखड हाय तिकडे."

"चांदी, चांदी! टिफिनची चांदी अस्ते नं, थे. टेबलाच्या कोन्यात हाय. निळ्या डब्यात टाकून दे. नाही त तुही सासू टेबल पुसता पुसता कुठी लोटून देईन."

"टाकून देऊ?"

"हव, टाकून दे. आताच."

"बरं."

फोन ठेवून दयाराम रामटेके पुन्हा काट्याच्या खोलीत शिरला. रायपूरजवळच्या उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये तो बी शिफ्टला असतो, दुपारी दोन ते रात्री दहा. लोखंड भरून ट्रक येतात, काट्यावर चढतात, वजन होतं, उतरतात. काट्याच्या खालचे सेन्सर, वरचा आकडे दाखवणारा डब्बा आणि मधली वायर, हे सगळं त्याच्या ताब्यात. त्या दिवशी, गुरुवारी, पाच वाजता त्याला घरची पुडी आठवली, त्यानं फोन केला आणि तो बेफिकीर झाला.

त्या पुडीत गोम होती.

गोम म्हणजे पावसाळ्यात भिंतीवरून जाते ती नव्हे. बोटाएवढा लांब काळा तुकडा, दोन्ही अंगांनी वीस-वीस बारीक चांदीचे पाय. जुन्या घरगुती कॉम्प्युटरांत असे तुकडे असतात. शिकलेले लोक त्याला आयसी म्हणतात, चिप म्हणतात. दयारामचं बालपण भंडाऱ्याकडच्या एका खेड्यात शेणामातीच्या भिंतीजवळ गेलेलं, त्यानं पहिल्यांदा हा तुकडा पाहिला तेव्हाच तोंडातून 'गोम' निघालं आणि तेच राहिलं. छोटी असली की गोमीचं पिल्लू. आपल्या अंगात बारीक वीज असते, तिचा नुसता चटका लागला तरी गोम मरते, म्हणून तो तिला टिफिनच्या चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवतो. आणि त्या पुड्या ठेवतो एका बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात. डब्बा निळा आहे.

घरात निळा डब्बा आणखी एक आहे. पालिकेनं दिलेला, सुक्या कचऱ्याचा. ओल्याचा हिरवा.

दयारामला हा नाद कधी लागला ते तो स्वतःच सांगतो, दर वेळी तेच आणि त्याच क्रमानं. बाप लहानू रेल्वेत खलाशी होता, त्याच्यामागं कुटुंब रायपूरला आलं. पोट्ट्यानं आयटीआय केलं आणि रायपूरलगतच्या बीरगावात एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बसला. चौऱ्याण्णव साली भिलाईकडचा एक भंगारवाला पाटीएवढं काळं यंत्र घेऊन आला, वर रबराच्या कळा. म्हणाला, साहेबाच्या घरून निघालं, काय आहे माहीत नाही. दयारामनं ते टीव्हीला जोडलं. पांढऱ्या पडद्यावर खाली एक इंग्रजी ओळ आली. त्यानं आपलं नाव टाइप करायला घेतलं. पहिली 'डी'ची कळ दाबली त पडद्यावर एकदम 'डिम' असा अख्खा शब्द उमटला, कारण त्या मशिनीत ओळीच्या सुरुवातीला एक कळ म्हणजे एक पूर्ण हुकूम असतो. पुढची अक्षरं मात्र सुटी आली. पडद्यावर झालं 'डिम अयाराम'. त्यानं एन्टर दाबलं, मशिनीनं लुकलुकतं प्रश्नचिन्ह दाखवलं.

"म्हन्लं, अरे, हे त मलेच इचारून राह्यली का तू कोन," दयाराम सांगतो. "बाप जन्मात कोन्या मशिनीनं मले सवाल केला नोता. टीव्ही काय, निसता बोंबलते."

दुकानातले पोट्टे त्याला वर्षभर डिम म्हणत होते. त्याला राग आला नाही. त्यानं मशीन भंगारवाल्याकडून ठेवून घेतली, तिचं पुस्तक पुरानी बस्तीतल्या एका मास्तरकडे मिळेल असं कोणी सांगितलं म्हणून तिकडे गेला, आणि त्या मास्तरची ओळख झाली ती आजवर. त्या मास्तरबद्दल पुढं सांगतो.

पुढं टीव्ही पातळ झाले, दुकान बसलं, दयाराम मिलमध्ये लागला. मशिनी मात्र वाढल्या. आज त्याच्याकडे पाच आहेत. पहिली ती रबरी कळांची स्पेक्ट्रम, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर. एका शाळेच्या लिलावातून आणलेली बीबीसी नावाची, वजनाला पाट्यासारखी. एकीच्या कळांवर रशियन अक्षरं आहेत, ती भिलाईची, पोलाद कारखान्यात आलेल्या रशियनांची. बाकी दोन कोणत्या जातीच्या हे त्यालाही नीट ठाऊक नाही. दर पंधरा दिवसांनी सकाळी तो चालत्यांपैकी एकेकीला अर्धा तास चालू ठेवतो. गावात कामं नसली तरी बैल हिंडवून आणतात नं, तसं. नुसतं बांधून ठेवलं की आतले कपॅसिटर सुकतात, सांधे आखडतात. टूथब्रश आणि स्पिरिटनं तो कळांखालची धूळ काढतो. बीरगावात धूळ काळी आणि रोजची, त्यामुळे हे काम संपत नाही. पिवळं पडलेलं प्लास्टिक पुन्हा पांढरं करायचं असलं की पार्लरमध्ये केस रंगवायची जी क्रीम मिळते ती चोपडून, पन्नी गुंडाळून, मे महिन्याच्या उन्हात छतावर ठेवतो.

"एकतीस सालं झाले लगन होऊन," बायको अंजनाबाई शेजारणीला सांगते, "माह्या डोक्याले कधी पावडर नाही आनली. अन् त्या डब्ब्याले पार्लरची क्रीम! थो डब्बा गोरा झाला, मी अशीच."

"तू काही पिवळी नाही पडली अजून," दयाराम म्हणतो.

कमाई यातून काही नाही. खेळ म्हणावे तर तो खेळतही नाही फारसा. मेलेली मशीन टेबलावर यावी आणि उठून चालू लागावी, एवढंच त्याला पाहायचं असतं. आजवर टेबलावर आलेली दुसऱ्याची मशीन मेलेली परत गेली नाही, हे मात्र तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. जरा जास्तच ऐकवतो.

तर त्या आठवड्यात टेबलावर जी मशीन होती ती त्याची नव्हती. ती चारुदत्त पांढरीपांडे सरांची होती, तेच पुरानी बस्तीतले मास्तर. सरकारी शाळेत गणित शिकवायचे, आता शहात्तर पूर्ण. त्यांच्या भावानं परदेशातून आणून दिलेली स्पेक्ट्रम, तीवर त्यांनी सत्याऐंशी साली अख्ख्या शाळेचं टाइमटेबल बनवणारा प्रोग्राम लिहिला होता. सर आता सोमवारच्या गाडीनं बिलासपूरला लेकीकडे, मंजिरीकडे, कायमचे राहायला जाणार होते. जाण्याआधी तो प्रोग्राम एकदा चालताना पाहायचा होता आणि मशीन सोबत न्यायची होती. रविवारी दहा वाजता येतो म्हणाले होते.

"दयाराम, मेलेली आहे की झोपलेली आहे, एवढं फक्त सांग," मशीन टेबलावर ठेवताना त्यांनी विचारलं होतं.

दयारामनं खोलून पाहिली. "सर, गोम जित्ती हाय. तिच्या खालची बैठक सडली. पाय धरत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हन्जे नवी बैठक बसवतो. इतवारले घेऊन जा. जबान देतो."

त्यानं गोम उपटून चांदीत गुंडाळली, जुनी बैठक, म्हणजे गोमीचे पाय धरणारं सॉकेट, काढली, नवी बसवली. गुरुवारी दुपारी हे होईस्तोवर शिफ्टची वेळ झाली, पुडी टेबलावर राहिली आणि तो टिफिन उचलून पळाला. त्या जातीची गोम बाजारात मिळत नाही. ज्या कंपनीनं ती केली ती त्या एकाच मशिनीसाठी केली. दयारामच्या स्वतःच्या स्पेक्ट्रममधली दोन हजार एकोणीसलाच जळली, तेव्हापासून ती मशीन नुसती शोभेची. परदेशात एकजण तशी नवी करून विकतो म्हणतात, पण टपालानं यायला दीड महिना. रविवार तीन दिवसांवर होता.

शुक्रवारी सकाळी आठला चहा घेऊन दयाराम टेबलाशी बसला. बिस्किटांचा डब्बा उघडला. चार पुड्या होत्या. पाचवी नव्हती. चारही उघडून पाहिल्या.

"चेतना, पुडी कुठी ठेवली वं?"

चेतना आतून आली. हाताला कणीक. "कोनती?"

"कालची. फोनवर सांगतली थे."

"थे तुम्ही टाकून दे म्हन्ले नं मामाजी. टाकली मी."

"कुठी टाकली?"

"निळ्या डब्यात."

दयारामनं टेबलावरचा बिस्किटांचा डब्बा बोटानं दाखवला. चेतनानं मान हलवली आणि दाराबाहेरचा पालिकेचा डब्बा दाखवला. थोडा वेळ दोघंही दोन्ही डब्यांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

आता यात चूक कोणाची, हे मी तरी सांगू शकत नाही. चेतना मूर्तिजापूरची. आठ महिन्यांपूर्वी दयारामच्या पोराशी, संघर्षशी, लग्न होऊन इकडे आली. तिकडे 'टाकून दे' म्हटलं की फेकून दे. 'भाजीत मीठ टाक' निराळं, 'टाकून दे' निराळं. आपल्या रायपुरात मराठी माणसाच्या कानात चोवीस तास हिंदी. 'डाल दे, डाल दे' ऐकून ऐकून आपलं 'टाकून दे' कधी 'डाल दे'च्या मापाचं झालं, कोणाला कळलं नाही. चहात साखर टाकून दे, खिशात चाबी टाकून दे, लेटर पेटीत टाकून दे. इकडचं कोणी अडत नाही. चेतनानं तर फोनवर पुन्हा विचारलंही होतं.

"गाडी आली का कचऱ्याची?" दयारामनं विचारलं.

"सातलेच गेली."

अंजनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं, सुनेचं पाहिलं. "काय झालं?"

"सराची गोम कचऱ्यात गेली."

"मंग पोरीकडे काहून पाहून राह्यले? तुमची जीभ हिंदी झाली त तिनं काय करावं? 'ठेव' म्हना लागत होतं. दोन अक्षरं. ठेव. थे नाही निंघत तोंडातून."

"मी काही बोललो का तिले?"

"बोलाले वेळ लागते का."

संघर्ष आंघोळीहून आला होता, रेल्वेच्या वॅगन शॉपच्या ड्युटीला निघायच्या घाईत. त्यानं टॉवेलनं कान पुसत हिंदीत सांगितलं, "पापा, छोड़ो ना. सर को बोल दो खराब हो गया था. पुराना माल है, कौन पूछेगा?"

"सर पुसतीन," दयाराम म्हणाला. "अन् नाही पुसलं त मी सांगीन." त्यानं चप्पल घातली.

"मी येतो," चेतना म्हणाली. मूर्तिजापूरकडच्या पोरी स्वतःला 'येतो'च म्हणतात. "मी टाकली, पुडी मलेच वळखू येईन." तिनं कणकेचा हात साडीला पुसला आणि स्कूटरवर मागं बसली.

कचऱ्याचं केंद्र नाल्यापलीकडे आहे. पत्र्याचं लांब शेड, आत सिमेंटचे कप्पे. घरोघरचा कचरा इथं येतो आणि बाया बसून तो निवडतात. कागद एकीकडे, बाटल्या एकीकडे, चपला एकीकडे, केस सुद्धा वेगळे. या बायांना सगळे स्वच्छता दीदी म्हणतात. दयारामच्या गल्लीत रिक्षा घेऊन येणारी फुलेश्वरी दीदी तिथंच होती, चाळीस-पंचेचाळीसची, साडीवर एप्रन, पदर कमरेला खोचलेला. छत्तीसगढी बोलते. मराठी गल्ल्यांत फिरून फिरून मराठी तिला पूर्ण समजते, बोलत नाही.

"का खोजत हव भैया?" तिनं विचारलं. काय शोधता?

"दीदी, आज हमारे घर से एक पुडी आई होगी. चांदी की. टिफिन वाली पन्नी. उसमें एक काली चीज है, चालीस पैर की."

"कनखजूरा?"

कनखजूरा म्हणजे खरीच गोम. बाकीच्या बाया हसल्या. एक म्हणाली, कनखजूऱ्यासाठी एवढ्या दूर आले, आमच्या शेडमध्ये फुकट मिळतात, किलोनं न्या. दयारामही कसनुसा हसला. फुलेश्वरी हसली नाही. तिनं हातानं कोपरा दाखवला. चांदीचे कागद, गुटख्याच्या पुड्या, चिप्सची पाकिटं, सगळं चकाकणारं तिथं ढिगानं पडलं होतं. कंबरभर.

चेतना बसली. नुसत्या हातानं उचलायला लागली, तेवढ्यात फुलेश्वरीनं हातमोजे तिच्या अंगावर फेकले. "पहिर ले बहू. पत्ती निकलथे एमा." यात ब्लेडं निघतात. दयाराम दुसऱ्या टोकाला बसला. उचलायची, दाबून पाहायची, टाकायची. तासभर झाला. पत्रा तापला. दयारामला दोन वाजता मिल होती.

"मामाजी!" चेतनानं एक पुडी वर केली. तीच होती. टिफिनच्या जाड कागदाची, तिच्या कडा दयाराम नखानं दुमडतो तशा दुमडलेल्या. पण उघडी होती. आत काही नव्हतं. कागदावर फक्त बारीक भोकांच्या दोन ओळी. वीस आणि वीस.

दयारामनं कागद उन्हाकडे धरून पाहिला. भोकांतून उजेड दिसला. "गेली," तो म्हणाला. मग खाली बसूनच राहिला. चेतना ढिगात पुन्हा हात घालायला लागली, त्यानं तिला थांबवलंही नाही.

फुलेश्वरी हे सगळं मघापासून पाहत होती. ती उठली, शेडच्या मागं गेली आणि लोणच्याची एक प्लास्टिकची बरणी घेऊन आली. ती तिनं दयारामच्या पुढ्यात ठेवली. बरणी निम्मी भरलेली होती. तारांचे तुकडे, नखाएवढे, सुईसारखे. कथिलाचे वाळलेले थेंब. एक मोडका स्क्रू. आपल्या घरची वस्तू माणूस कुठंही ओळखतो. नवा पार्ट बसवला की त्याचे खालचे जास्तीचे पाय कापावे लागतात. कटरनं कापले की ते उडतात, टेबलावर, फरशीवर. अंजनाबाई झाडून सुपलीत घेते. सुपली डब्यात.

"दू साल के आय," फुलेश्वरी म्हणाली. "पहिली येला देख. तेकर पाछू तोर कनखजूरा." दोन वर्षांचं आहे हे, आधी हे बघ, मग तुझी गोम. तिनं उजव्या हाताचा मोजा काढला. अंगठ्याच्या बाजूचं बोट टोकाला काळं आणि टणक झालं होतं. एक तार आत मोडली, पिकलं, दवाखान्यात कापून काढावं लागलं, पंधरा दिवस रिक्षा दुसरीनं ओढली. तिनं हे सांगितलं ते भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, की तुमच्या घरचा कचरा मी डोळे मिटून ओळखते. पालिकेच्या साहेबाला दाखवून दंड करवायचा म्हणून बरणी जमवत होते. मग ही बहू आली, ओला-सुका वेगळा करायला लागली. पूर्ण गल्लीत ते करणारी हीच एक. म्हणून थांबले.

दयारामनं बोट पाहिलं. "दीदी, ध्यान नहीं गया."

"तुंहर ध्यान मशीन म रहिथे."

तुमचं लक्ष मशिनीत असतं, म्हणाली. एकीचे चाळीस पाय शाबूत राहावे म्हणून जो माणूस चांदीत गुंडाळतो, त्याच माणसानं कापलेले हजार पाय दोन वर्षं या बाईच्या हातात दिले होते.

फुलेश्वरीनं बरणी उचलून एका जुन्या थाळीत उपडी केली. तारांच्या ढिगाबरोबर गोमही पडली. कोणतीही पुडी उघडून पाहिल्याशिवाय ती पुढं टाकत नाही, कारण लोक पुडीत ब्लेड टाकतात आणि एखादी बाई नथही टाकते. सकाळी ही पुडी उघडली, आतलं पाहिलं, उवा काढायच्या फणीसारखं काहीतरी. फेकणार होती. मग पाय पाहिले. म्हटलं, हे त्याच घरचं. आणि बरणीत टाकलं.

चेतनाच्या तोंडून "अगं माय" निघालं. दयारामनं गोम तळहातावर घेतली. चार पाय वाकले होते. एक मुळातून तुटला होता.

"बरनी पन घेऊन जाऊ का?" त्यानं मराठीतच विचारलं.

"ले जा. मोला का करना हे," फुलेश्वरी म्हणाली. "फेर अब सुपली के कचरा अलग देबे. मोर हाथ म. डब्बा म नहीं." सुपलीतला कचरा आता वेगळा, तिच्या हातात द्यायचा.

"हव दीदी."

"तैं नहीं." तू नाही, म्हणत तिनं चेतनाकडे पाहिलं. "बहू, तैं देबे."

"हव," चेतना म्हणाली. रायपूरचा 'हव' तिच्या तोंडून पहिल्यांदा निघाला असावा.

शनिवारी सकाळी दयाराम टेबलाशी बसला तेव्हा अंजनाबाईनं बरणी कुठं ठेवायची विचारलं. तो म्हणाला, इथंच, समोर. वाकलेले चार पाय त्यानं चिमट्यानं सरळ केले, एकेक, श्वास धरून. तुटलेल्या पायाचं काम निराळं होतं. पाय जिथून तुटला तिथं गोमीच्या अंगात धातूचा जेमतेम ठिपका उरला होता. त्यानं बारीक कानशीनं आजूबाजूचं काळं प्लास्टिक थोडं खरवडलं, ठिपक्याचा कण झाला. आता तिथं नवा पाय जोडायचा. त्यासाठी बारीक, सरळ, कथील लागलेली तार हवी.

त्यानं बरणीत पाहिलं. दोन वर्षांचे पाय होते. त्यातला एक चिमट्यानं उचलला.

"पाह्य, पाह्य," अंजनाबाई म्हणाली. "दीदीच्या बोटातून निंघालेला नोको लावू."

"टॉर्च नीट धर वं, चेतना. अंगावर सावली पडून राह्यली."

कथिलाचा डाक देताना तीनदा पाय निसटला. चौथ्यांदा धरला. गोम नव्या बैठकीवर ठेवून त्यानं दोन्ही अंगठ्यांनी दाबली, कच असा आवाज झाला, मशीन जुन्या पोर्टेबल टीव्हीला जोडली आणि बटन दाबलं. पडदा आधी काळा, मग पांढरा, मग खाली ती इंग्रजी ओळ. दयारामनं ओळ पूर्ण वाचली, जशी पहिल्यांदाच पाहतो आहे. मग मशीन बंद केली. गोम गरम होते, उगाच चालवायची नाही. त्या दिवशी तो अर्धा तास आधीच मिलला गेला.

रविवारी सर दहाला नाही, पावणेदहालाच आले. हातात एक कॅसेट, मुलायम फडक्यात. दयारामनं त्यांना खुर्ची दिली आणि खुर्चीवर बसायच्या आत सांगून टाकलं.

"सर, तुमची गोम कचऱ्यात गेल्ती."

"कुठल्या कचऱ्यात?"

"पालिकेच्या. हुडकून आनली. एक पाय तुटला होता. नवा लावला."

सरांनी चष्मा पुसला. "कितवा?"

"चौदावा."

"तो काय करतो?"

"आता त काही करू नये म्हन्तो मी, जागेवर राहावं निसतं," दयाराम म्हणाला.

सर हसले. कॅसेट प्लेअरमध्ये घातली. दयारामनं 'जे'ची कळ दाबली, त्या मशिनीत त्या एका कळीनं लोडचा पूर्ण हुकूम उमटतो. प्ले दाबलं. खोलीत कर्कश किरकिर सुरू झाली, पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. अंजनाबाईनं कानावर हात ठेवले. दोन मिनिटं झाली, आणि पट्ट्या थांबल्या. पडद्यावर आलं: टेप लोडिंग एरर.

सरांनी दयारामकडे पाहिलं. दयारामनं गोमीकडे पाहिलं. ती ठीक होती, गरमही फार नव्हती. मग त्यानं प्लेअरला कान लावला. "सर, आवाज दबून येऊन राह्यला. हेड वाकडं हाय." लहान स्क्रूड्रायव्हरनं त्यानं प्लेअरच्या हेडचा स्क्रू पाव फेरा फिरवला, किरकिर धारदार होईस्तोवर. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा पट्ट्या. चेतना दारात उभी होती, हातात पोळपाट तसाच.

पट्ट्या संपल्या. पडद्यावर वार आणि तासांचा तक्ता उभा राहिला. नववी अ, नववी ब, दहावी अ. मास्तरांच्या नावांची दोन-दोन अक्षरं.

सरांनी बोट पडद्यावर ठेवलं. "हा मी. गुरुवार, तिसरा तास, नववी ब. त्या खोलीत पंखा नव्हता." बोट खाली सरकलं. "आणि हे बघ. पीटीचे मास्तर एकाच वेळी तीन वर्गांवर. तेव्हाच हेडमास्तर म्हणाले होते, पांढरीपांडे, तुमच्या यंत्राला माणसं मोजता येत नाहीत."

"चूक कुठी हाय मंग?"

"माहीत आहे. ओळ दोनशे चाळीस. तेव्हा रागावून दुरुस्त केली नाही." त्यांनी कळफलक स्वतःकडे ओढला. "आता करतो. वेळ आहे का तुला?"

"दीड वाजेलोक हाय."

दोन तास लागले. रबरी कळांवर सरांची बोटं घसरत होती, दयाराम एकेक हुकूम कोणत्या कळीत आहे ते सांगत होता. बाराच्या सुमारास पीटीचे मास्तर एका वेळी एकाच वर्गावर आले. सरांनी तो प्रोग्राम त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर साठवला. मशीन त्यांनी आणलेल्या स्वेटरमध्ये गुंडाळली गेली, स्वेटर पिशवीत. ऑटो आला. जाताना सरांनी चेतनाला विचारलं, "कचऱ्यात तूही बसली होतीस म्हणे, तूच शोधलीस ना?"

"नाही सर, कागद मी शोधला. गोम दीदीनं."

ऑटो गेला. दयारामनं टेबल आवरायला घेतलं. कालच्या कामाचे कापलेले पाय अजून पडलेले होते, त्यानं कागदाच्या घडीवर एकेक गोळा केले आणि बरणीत सोडले. मग घड्याळ पाहिलं आणि उठला. अंजनाबाईनं टिफिन दिला. स्कूटरला किक मारता मारता त्याला काहीतरी आठवलं.

"चेतना! थो स्पिरिटचा बोळा टेबलावर राह्यला वं..."

"मामाजी," चेतना दारातून म्हणाली, "ठेवू का फेकू? तेवढं सांगून जा."

"फेक," दयाराम म्हणाला. "हिरव्यात नोको, निळ्यात."

उरल्याच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. काट्यावर पहिला ट्रक चढून उभा होता आणि वरचा आकडा स्थिर राहत नव्हता, चाळीस किलो इकडे-तिकडे नाचत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. दयारामनं टिफिन खिडकीत ठेवला, टॉर्च घेतला आणि तो काट्याच्या खाली उतरला.